परदेशातल्या आईबाबांसाठी श्रवणयंत्र : खिशाला परवडेल आणि कानाला मानवेल असं

भावाकडे किंवा बहिणीकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आईशी व्हिडीओ कॉलवर बोलताना हल्ली तुम्हाला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं का? तुम्ही विचारता, ‘जेवण झालं का?’ आणि तिकडून उत्तर येतं, ‘हो ना, बर्फ पडतोय.’ सगळे हसतात, आईही हसते. पण ती खरंच ऐकून हसली की सगळे हसले म्हणून हसली, हे कुणीच विचारत नाही.

आपल्याकडे कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कसंबसं निभावतं. शेजारच्या काकू मोठ्याने बोलतात, भाजीवाला हाताने भाव दाखवतो, देवळातल्या भजनाचे शब्द पाठच असतात. परदेशात मात्र दिवसभर घर शांत असतं. बोलायला तीनचार माणसं, त्यातली नातवंडं भरभर आणि तिथल्या इंग्रजीत बोलणारी. तेवढेही आवाज अस्पष्ट झाले, तर माणूस हळूहळू गप्प होत जातो. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ कारणांची यादी लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये दिली. त्यात ऐकू कमी येणं हे एक कारण आहे. त्यामुळे ‘वयच झालंय’ म्हणून हा विषय सोडून देऊ नका.

ऐकू येतं, पण कळत नाही

वयामुळे कमी होणारं ऐकणं सहसा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं. स, श, फ, थ अशी अक्षरं आधी निसटतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणूनच आई म्हणते, ‘तू बोलतोयस ते ऐकू येतं, पण काय बोलतोयस ते कळत नाही.’ अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. आवाज मोठा होतो, शब्द तेवढेच पुसट राहतात.

चांगलं श्रवणयंत्र नेमकं इथे मदत करतं. ते सगळेच आवाज सारखे वाढवत नाही. जी पट्टी कमी ऐकू येते, तीच वाढवतं. पण त्यासाठी कोणती पट्टी किती कमी झाली आहे, हे आधी कळायला हवं. म्हणून यंत्राआधी तपासणी.

आधी तपासणी, मग खरेदी

कानाच्या तपासणीचा जो आलेख मिळतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्याची प्रत घ्या आणि फोटो काढून घरातल्या सगळ्यांकडे ठेवा. पुढे कुठल्याही देशात यंत्र घेताना तो उपयोगी पडतो.

परदेशात तपासणी करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘टुं’ असा आवाज ऐकून बटण दाबण्याच्या चाचणीला भाषेची अडचण येत नाही. पण इंग्रजी शब्द ऐकून ते परत म्हणण्याच्या चाचणीत मराठी बोलणाऱ्या आजीचे गुण उगाच कमी येऊ शकतात. शब्द ऐकू आला नाही की ओळखीचाच नव्हता, हे तिथल्या तज्ज्ञाला कसं कळणार? म्हणून घरातलं कुणीतरी सोबत असू द्या आणि ही गोष्ट आधीच सांगा.

कधीकधी कानात फक्त मळ साठलेला असतो आणि तो काढला की काम होतं. मात्र अचानक ऐकू येईनासं झालं असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, चक्कर येत असेल, तर यंत्र शोधत बसू नका. आधी कानाचे डॉक्टर गाठा. अचानक ऐकू येणं गेलं असेल, तर त्याच दिवशी जा. त्यात उशीर महागात पडतो.

अमेरिकेत स्वस्त पर्याय कोणते?

अमेरिकेत क्लिनिकमधून यंत्र घेतलं, तर एका कानालाच २००० डॉलरहून जास्त खर्च येऊ शकतो. ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या मूळ मेडिकेअरमध्ये श्रवणयंत्राचा खर्च मिळत नाही. काही मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत थोडाफार मिळतो. भेटीला गेलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यातही सहसा हा खर्च बसत नाही. मग पर्याय काय?

* ओटीसी यंत्रं : १७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय, थेट दुकानातून श्रवणयंत्र घेता येतं. १८ वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ही सोय आहे. किंमत काही शे डॉलरपासून सुरू होते. खोक्यावर ‘ओटीसी’ लिहिलेलं आहे का आणि परत करण्याचे नियम काय आहेत, हे वाचूनच घ्या. फोनवरचं ॲप वापरून सेटिंग करावं लागत असेल, तर ते घरात कोण करणार, हेही आधी ठरवा.

* कॉस्टको : या दुकानाचं सभासदत्व असेल, तर तिथल्या श्रवण केंद्रात तपासणी करून मिळते. अलीकडच्या काळात तिथे यंत्रांची जोडी साधारण १५०० ते १६०० डॉलरला मिळत आली आहे आणि ती १८० दिवसांत परत करता येते. जास्त कमी ऐकू येत असेल किंवा ॲप हाताळणं जमणार नसेल, तर ओटीसीपेक्षा हा मार्ग बरा.

* एअरपॉड्स प्रो २ : सप्टेंबर २०२४ मध्ये या इयरबड्सच्या श्रवणयंत्र सुविधेला अमेरिकेत परवानगी मिळाली. सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी ऐकू येत असेल आणि घरात आयफोन असेल, तर सुरुवातीला हे वापरून पाहता येतं. मात्र दिवसभर घालण्याइतकी त्यांची बॅटरी टिकत नाही.

अशा सुविधा देशानुसार बदलतात, हे विसरू नका. ही सुविधा भारतात सुरू झालेली नव्हती, तेव्हा बंगळुरूतल्या काही तरुणांनी आपल्या आज्यांसाठी एअरपॉड्स घेतले. ते भारताबाहेर आहेत असं उपकरणांना वाटावं म्हणून त्यांना बरीच तांत्रिक खटपट करावी लागली होती. प्रत्येकाला हे जमणार नाही. म्हणून ज्या देशात वापरायचं, तिथे ते चालतं का, हे घेण्याआधी विचारा.

इतर देशांत काय मिळतं?

आत्या ब्रिटनमध्ये कायम राहत असेल, तर आधी तिच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवा. एनएचएसकडून श्रवणयंत्र मोफत मिळतं, बॅटरी आणि दुरुस्तीही मोफत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सरकारी योजनेतून किमतीच्या ७५ टक्के, पण एका यंत्रामागे जास्तीत जास्त ५०० डॉलर मिळतात. ऑस्ट्रेलियात पेन्शनर सवलत कार्ड असलेल्यांसाठी सरकारी श्रवण योजना आहे. या सोयी तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून गेलेल्यांना त्या धरून चालता येत नाहीत.

भारतातूनच घेऊन जावं का?

हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो. भारतात किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते आणि श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांची यंत्रं इथेही मिळतात. त्यामुळे वर्षातले बरेच महिने भारतात काढणाऱ्या आईबाबांसाठी इथे घेणं सोयीचं आहे.

पण विमानाच्या आदल्या आठवड्यात घाईने घेऊ नका. यंत्र बसवल्यावर दोनतीन वेळा सेटिंग बदलावं लागतं. निघण्याआधी किमान दीडदोन महिने हाताशी ठेवा. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहा आणि हे प्रश्न विचारा :

* वॉरंटी दुसऱ्या देशात चालेल का? अनेकदा ती खरेदीच्या देशापुरतीच असते.
* परदेशात असताना इंटरनेटवरून सेटिंग बदलून द्याल का?
* तिथला दुसरा ऑडिओलॉजिस्ट हे यंत्र उघडून सेटिंग करू शकेल का, की ते फक्त तुमच्याकडेच उघडतं?
* किमतीत पुढच्या किती भेटी धरल्या आहेत?

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या सरकारी संस्थांत तपासणी होते. सुट्टीवर आलेल्या आईबाबांना तिथे नेता येईल.

थोडक्यात, यंत्र जिथे स्वस्त मिळतं तिथे घेण्यापेक्षा, ते नीट करून देणारा माणूस जिथे सहज भेटेल तिथे घ्या. स्वस्त म्हणून घेतलेलं आणि सेटिंगविना कपाटात पडलेलं यंत्र सगळ्यात महाग.

ऑनलाइन ‘कानाच्या मशीन’पासून सावध

हजारदोन हजारांत मिळणारी अनेक ‘साउंड ॲम्प्लिफायर’ म्हणजे श्रवणयंत्रं नव्हेत. ती भांड्याचा खणखणाट आणि नातीचं बोलणं सारखंच मोठं करतात. दोन दिवसांत डोकं दुखतं आणि मग आजोबा चांगल्या यंत्रालाही नाही म्हणतात.

बोटं थरथरत असतील किंवा नजर कमी असेल, तर चार्जिंगचं यंत्र घ्या. बॅटरीचं घेतलं, तर तिचा नंबर लिहून ठेवा. ३१२ नंबरला तपकिरी आणि १३ नंबरला नारिंगी पट्टी असते. हे नंबर आणि रंग जगभर सारखेच. प्रवासात यंत्र आणि बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा.

पहिले तीन महिने धीर धरा

नव्या यंत्रातून फ्रीजची घरघर, नळाचं पाणी, स्वतःचाच आवाज, सगळं विचित्र वाटतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला दिवसातून दोनतीन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना घालायला सांगा. मग हळूहळू वेळ वाढवा.

तुम्ही भारतात आहात आणि आई तिकडे, तरी तुमचं काम आहेच. भावाला किंवा वहिनीला यादी पाठवा, ऑडिओग्राम मागवून घ्या, आठवड्यातून एक कॉल फक्त ‘कोणता आवाज त्रास देतो?’ हे विचारण्यासाठी ठेवा. तिचं उत्तर लिहून ऑडिओलॉजिस्टला कळवा, कारण त्यावरूनच सेटिंग सुधारतं. बोलताना चेहरा उजेडात ठेवा, टीव्ही बंद करा आणि सावकाश बोला. शब्द कळला नाही तर ‘जाऊ दे, काही नाही’ असं मात्र कधीच म्हणू नका. त्या शब्दांनी माणूस संभाषणातून बाहेर पडतो आणि मग कितीही महाग यंत्र आणलं तरी त्याला परत आत आणणं अवघड होतं.