बाबा बोलत नाहीत, की त्यांना ऐकू येत नाही?

मुळातच अबोल असलेले वडील साठीनंतर आणखी दूर गेले, फोन लगेच आईच्या हाती देतात, असे अनेक मुलींना जाणवते. जुना दुरावा असतोच. पण त्यात वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणाची भर पडलेली असू शकते. या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. म्हणून पुरुषांपेक्षा बायका-मुलांचे बोलणे समजायला जड जाते. ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात; आवाज येतो, शब्द कळत नाही. पुन्हा विचारायची लाज वाटते, मग ‘हं’ म्हणून विषय संपतो. मुलीला वाटते, बाबांना आपल्यात रस नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून ऑडिओमेट्री करून घ्यावी. कधी नुसता मळ साचलेला असतो. श्रवणयंत्र लागले, तर सवय व्हायला काही आठवडे जातात. ते कपाटात पडू देऊ नये. घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, न ओरडता सावकाश बोलावे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत.

अबोल्यासोबत झोप, भूक कमी झाली, चिडचिड वाढली, तर नैराश्याचाही विचार करावा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

श्रवणयंत्राने जुने घाव भरत नाहीत. मात्र बाबांना काय ऐकूच गेले नव्हते आणि काय ऐकूनही त्यांनी टाळले, हे वेगळे करता येते. मग उरलेल्या रागाबद्दल निदान नीट बोलता येते.