जुन्या एअर-कूल्ड बाइकला ऑइल गेज लावावा का? आधी हे समजून घ्या

जुन्या बुलेटच्या हँडलजवळ चकचकीत गोल गेज लावलेले रील्स तुम्हीही पाहिले असतील. एक ऑइलचं तापमान दाखवतो, दुसरा प्रेशर. दिसायला भारीच वाटतं. माझ्याकडे घरातली जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० आहे, त्यामुळे "गेज लावू का रे?" हा प्रश्न मला मित्र नेहमी विचारतात. माझं उत्तर एका शब्दात नाही, कारण हे दोन गेज दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यातला एकच बहुतेकांच्या कामाचा आहे.

ऑइल नेमकं काय करतं?

तुमचा फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. जुन्या बाइकच्या इंजिनात अशी सोय नाही. ते तापत राहतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. चालत्या गाडीत असं झालं तर मागचं चाक लॉक होऊ शकतं, म्हणजे प्रश्न फक्त खर्चाचा राहत नाही.

एअर-कूल्ड इंजिनात रेडिएटर नसतो. सिलेंडरवरच्या फिन्सना लागणारी हवा आणि आत फिरणारं ऑइल, एवढीच थंडावण्याची साधनं. ऑइल तापलं की पातळ होतं. २०डब्ल्यू-५० हे ऑइल ४० अंशांच्या तुलनेत १०० अंशांना साधारण आठेक पटीने पातळ असतं. त्याहून खूप जास्त तापलं तर धातूंमधला ऑइलचा पातळ थर टिकत नाही आणि भाग एकमेकांवर घासायला लागतात.

प्रेशर गेज: बहुतेकांना नको

कारच्या इंजिनात क्रँकशाफ्ट प्लेन बेअरिंगवर फिरतो. तिथे ऑइल दाबानेच पोचावं लागतं, म्हणून डॅशबोर्डवर लाल दिवा असतो. स्प्लेंडरसारख्या बाइकचा क्रँक बॉल आणि रोलर प्रकारच्या बेअरिंगवर चालतो. त्यांना मोठा दाब लागत नाही, ऑइल पोचत राहिलं की झालं.

जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश असतो, त्यामुळे तिथे ऑइलचा पुरवठा फार महत्त्वाचा. पण पंप मुळातच कमी दाबाचा आहे. इंजिन गरम झालं, गाडी आयडलवर आली की काटा शून्याजवळ जातो. नवीन माणूस घाबरतो, मेकॅनिककडे धावतो आणि गाडीत काहीच बिघाड नसतो.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. प्रेशर गेज लावायचा तर ऑइलच्या लाइनमध्ये जोड द्यावा लागतो. सिंगल सिलेंडरच्या थरथराटाने तो जोड सैल झाला किंवा पाइप तडकला, तर ऑइल बाहेर पडतं आणि मागच्या टायरवर येऊ शकतं. म्हणजे इंजिन वाचवायला लावलेला गेजच इंजिन आणि चालवणारा, दोघांच्या जिवावर उठतो.

पुरवठा तपासायचाच असेल तर जुनी पद्धत आहे. इंजिन चालू ठेवून मेकॅनिक रॉकरकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करतो आणि ऑइल झिरपतंय का बघतो. एकही नवा जोड लागत नाही.

टेम्परेचर गेज: लांब फिरत असाल तर हो

सर्वात सोपा प्रकार म्हणजे ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारा डिपस्टिक गेज. वायर नाही, कापाकापी नाही. नको वाटला तर काढा, जुनं झाकण लावा. फक्त तुमच्या मॉडेलचा आटा आणि दांडीची लांबी जुळते का ते बघून घ्या.

डिजिटल प्रकारात थर्मिस्टर नावाचा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि स्क्रीनवर आकडा बदलतो. फोनच्या बॅटरीचं तापमानही अशाच सेन्सरने मोजतात.

आकडे कसे वाचायचे? मी हा ढोबळ हिशोब पाळतो:

- ९० ते ११० अंश: निवांत चालवा.
- १२० च्या वर टिकून राहिला: वेग कमी करा, इंजिनावरचा भार हलका करा.
- १३० च्या पुढे: सावलीत थांबा, इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, धातू तडकू शकतो.

गेज उलट बाजूनेही शिकवतो. घरापासून कॉलेज दोन-तीन किलोमीटर असेल तर ऑइल नीट तापतच नाही. आत जमलेलं बाष्प उडून जात नाही आणि पावसाळ्यात झाकणाखाली पांढरट साय दिसते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा लांब फेरी हवी.

स्वस्त गेज खरं बोलतो का?

घरीच तपासा. सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा. मुंबईत १०० च्या आसपास आकडा आला पाहिजे. पुणे उंचावर असल्याने तिथे साधारण ९८. दहा-बारा अंशांचा फरक दिसला तर तो गेज परत करा. आणि सेन्सर कुठे आहे हेही लक्षात ठेवा. सिलेंडर हेडचं तापमान ऑइलपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे मित्राच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका. स्वतःच्या गाडीचा रोजचा आकडा ओळखा आणि तो अचानक बदलला तर कारण शोधा.

गेजच्या आधी हे करा

१. ऑइलची पातळी बघा. जुनी बुलेट बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. लगेच ऑइल ओतू नका. इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा, मग मोजा.
२. ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदला.
३. फिन्समधला चिखल साफ करा. त्यांच्यासमोर बॅग बांधू नका.
४. टायमिंग आणि कार्बोरेटर तपासून घ्या. पेट्रोलचं मिश्रण पातळ असेल तर इंजिन जास्त तापतं.

ही चार कामं झाली नसतील तर गेजचे पैसे आधी ऑइल चेंजला वापरा. झाली असतील आणि तुम्ही भर उन्हाळ्यात, डबल सीट घाट चढत असाल, तर डिपस्टिक टेम्परेचर गेज खुशाल लावा. तो वाचायचा मात्र गाडी थांबल्यावर. चालताना नजर रस्त्यावर आणि कान इंजिनाकडे असू द्या.