अंगठा वर म्हणजे ‘वर चला’

पाण्याखाली कॅमेरा समोर आला की नवखा पर्यटक हौसेनं अंगठा उंचावतो. डायव्हरच्या खुणांत त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो! सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर पाण्यात शिरण्याआधीच हे घोटून घेतात. २०१८ पासून बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप असलं, तरी पर्यटकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे.

पोहता न येणाऱ्यालाही इथे पहिला डाइव्ह करता येतो. प्रशिक्षक मागून धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. खरी परीक्षा कानांची. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. दोन-तीन मीटरवरच कान दडपतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे झाले की आणखी थोडं खाली. घाई केली की डाइव्ह तिथेच संपतो. वर येताना उलटं घडतं. १० मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही.

दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. लगेच विमान पकडलं, तर वरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाले असतील तर १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. चार-पाच दिवसांत अंदमान उरकणाऱ्यांनी आधी हॅवलॉक करावं आणि सेल्युलर जेल शेवटी ठेवावं.

सिलिंडर नको असेल त्यांच्यासाठी एलिफंट बीच आहे. नाव पडलं ते लाकूड ओढणाऱ्या हत्तींवरून. त्यांतला राजन समुद्रात पोहण्यासाठी जगभर गाजला. २०१६ मध्ये तो गेला. इथे मास्क आणि नळी लावून तरंगायचं, बस्स. स्नॉर्केलिंगला दुय्यम समजणारे बरंच काही गमावतात. उथळ पाण्यात लाल-पिवळे रंग शाबूत असतात. खोलवर लाल रंग सर्वांत आधी विझतो.

हातपाय न झाडता थांबलं, तर समुद्रफुलाच्या विषारी धाग्यांत दडलेला क्लाउनफिश पुन्हा डोकं बाहेर काढतो. त्याच्या कुटुंबात सगळ्यांत मोठी मादी. ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो. शेजारी पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याची कडकड कानावर येते. प्रवाळाचा भुगा त्याच्या पोटातून पांढरी वाळू होऊन पडतो.

२०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातली बरीच प्रवाळं पांढरी पडली. उष्णतेत प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. रंग आणि बहुतेक अन्न त्या शेवाळातूनच येतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं. लाथेनं मोडलेल्याचं तसं नाही. दगडासारखं दिसणारं गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, आणि दमलेला पर्यटक पाय टेकायला नेमकं तेच शोधतो.