रुपया आणि त्याची तारीख : चक्रवाढ व्याज व पैशाचे कालमूल्य

मुदत ठेवीची पावती हाती घेताना बहुतेक ग्राहक दोन आकडे पाहतात : व्याजाचा दर आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कम. कर्जाच्या कागदपत्रांवर सही करताना तर पुष्कळदा एकच आकडा पाहिला जातो. तो म्हणजे मासिक हप्ता. या साऱ्या आकड्यांमागील गणित मात्र एकच आहे. ठेवीदाराची रक्कम ज्या नियमाने वाढते, त्याच नियमाने थकलेल्या कर्जदाराचे देणेही वाढते. हा नियम म्हणजे चक्रवाढ व्याज. आणि त्याच्या मुळाशी असलेला विचार म्हणजे पैशाचे कालमूल्य.

हे गणित आपल्याकडे नवे नाही. आर्यभटीयात व्याजावरील व्याजाचे उदाहरण सोडविण्याची रीत आहे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही व्याजाची उदाहरणे आहेत. शालेय पुस्तकांतील मुद्दल, दर, मुदत आणि रास हे शब्दही सर्वांच्या परिचयाचे आहेत. तरीही प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी या चौघांपैकी ‘मुदत’ हा घटक सर्वाधिक दुर्लक्षिला जातो, आणि परिणाम सर्वाधिक तोच घडवून आणतो.

व्याजावर व्याज

एक लाख रुपये द. सा. द. शे. ७ दराने ठेवले आहेत असे मानू. सरळव्याजाने दरवर्षी ७,००० रुपये मिळतील. दहा वर्षांनी रास १,७०,००० रुपये, वीस वर्षांनी २,४०,००० रुपये आणि तीस वर्षांनी ३,१०,००० रुपये होईल. येथे व्याज देणारे मुद्दल अखेरपर्यंत तेच राहते.

बँकांच्या पुनर्गुंतवणूक ठेवीत व्याजाची आकारणी साधारणतः दर तिमाहीस होते आणि ते व्याज मुद्दलात मिळविले जाते. पुढील तिमाहीचे व्याज या वाढलेल्या रकमेवर मिळते. दर तोच, ७ टक्के, राहिला असे धरल्यास दहा वर्षांनी रास सुमारे २ लाख रुपये, वीस वर्षांनी ४ लाख रुपये आणि तीस वर्षांनी ८ लाख रुपये होते. पहिल्या दहा वर्षांत सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांतील अंतर केवळ ३० हजारांचे असते. तीस वर्षांनंतर ते जवळजवळ ४ लाख ९० हजारांचे होते. चक्रवाढीचे बळ आरंभी दिसत नाही, ते उत्तरार्धात दिसते.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. वयाच्या तिसाव्या वर्षी एक लाख रुपये बाजूला ठेवणाऱ्यास साठाव्या वर्षी जी रास मिळेल, तीच रास चाळिसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्यास हवी असेल, तर त्याला दोन लाख रुपये ठेवावे लागतील. दहा वर्षांच्या विलंबाची किंमत दुप्पट मुद्दल एवढी आहे. दरमहा वा दर तिमाहीस व्याज काढून घेणाऱ्या ठेवीदाराने हेही ध्यानात ठेवावे की त्याच्या ठेवीत चक्रवाढ होत नाही. निवृत्तीनंतर घरखर्चासाठी ही सोय आवश्यकच असते. परंतु ज्याला त्या व्याजाची तूर्त गरज नाही, त्याने पुनर्गुंतवणुकीचा पर्याय निवडणे हिताचे.

रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, याचा अंदाज घेण्याची एक जुनी युक्ती आहे. ७२ या संख्येस व्याजदराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे दुपटीची वर्षे. इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ही युक्ती आढळते. ६ टक्के दराने सुमारे १२ वर्षे, ८ टक्क्यांनी ९ वर्षे. किसान विकास पत्र १९८८ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यातील रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. २०१४ मध्ये ही योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यासाठी १०० महिने लागत. दर उतरला की मुदत कशी लांबते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हेच चक्र उलटे फिरते तेव्हा

चक्रवाढीची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी भोवतालचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे यांची होळी केली. हा उठाव पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढे जी प्रकरणे आली, त्यांपैकी एकात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारले गेले होते.

हे कसे घडले? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांपुरती ठरविली होती. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला जाई आणि थकलेले मुद्दल व व्याज मिळून होणारी बेरीज त्यात नवे मुद्दल म्हणून मांडली जाई. व्याजाचे मुद्दल होणे म्हणजेच चक्रवाढ. दरमहा शेकडा दोन, म्हणजे द. सा. द. शे. २४, या दराने शंभर रुपयांवर सरळव्याज आकारल्यास दोन हजार रुपये व्याज होण्यास ८३ वर्षे लागतील. वार्षिक चक्रवाढीने सुमारे १४ वर्षे पुरतात. पुढे १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला आणि रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा ‘दामदुपटी’चा जुना नियमही याच अनुभवातून आलेल्या शहाणपणाचा आहे.

आजच्या काळातही हे चक्र थांबलेले नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के आकारणी होत असेल, तर बारा महिन्यांचा हिशेब ४२ टक्क्यांवर थांबत नाही. मासिक चक्रवाढीने तो ५१ टक्क्यांच्या पुढे जातो. एकीकडे ७ टक्क्यांची ठेव जपून ठेवणे आणि दुसरीकडे अशी थकबाकी वाहत राहणे, हा तोट्याचाच व्यवहार होय.

उद्याच्या रुपयाची आजची किंमत

आज हाती असलेला रुपया ठेवीत गुंतवून वाढविता येतो. पाच वर्षांनी मिळणारा रुपया तोवर काहीच कमावीत नाही. म्हणून दोन भिन्न तारखांच्या रकमांची थेट तुलना करणे चुकीचे ठरते. त्या एका तारखेस आणून मगच तोलल्या पाहिजेत.

समजा, एखाद्या जमीनमालकापुढे दोन प्रस्ताव आहेत : आज रोख २० लाख रुपये किंवा पाच वर्षांनी २५ लाख रुपये. वरकरणी दुसरा प्रस्ताव पाच लाखांनी सरस वाटतो. परंतु तिमाही चक्रवाढीच्या ७ टक्के दराने आजचे २० लाख पाच वर्षांत सुमारे २८ लाख ३० हजार होतात. उलट हिशेब केल्यास पाच वर्षांनंतरच्या २५ लाखांची आजची किंमत १७ लाख ६७ हजारांच्या आसपास येते. म्हणजे जो प्रस्ताव पाच लाखांच्या लाभाचा भासत होता, तो आजच्या हिशेबाने सव्वादोन लाखांहून अधिक तोट्याचा आहे. दीर्घ मुदतीनंतर ‘दुप्पट’ वा ‘तिप्पट’ रक्कम देऊ करणाऱ्या कोणत्याही योजनेस हीच कसोटी लावावी.

या हिशेबात महागाईचाही विचार हवा. दरवर्षी ४ टक्के भाववाढ झाल्यास आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू दहा वर्षांनी १४८ रुपयांना मिळेल. त्यामुळे दुप्पट झालेल्या दोन लाखांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १ लाख ३५ हजारांएवढी असेल. व्याजावर प्राप्तिकर लागू होत असल्यास ती आणखी कमी होईल. ठेवीचा खरा लाभ पावतीवरील दर नव्हे, तर कर आणि भाववाढ वजा जाता उरणारा दर होय.

हप्त्यामागील हिशेब

कर्जाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ ‘फ्लॅट’ दर आणि घटत्या शिलकीवरील दर यांत होतो. एक लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतल्यास व्याज ३०,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ३,६११ रुपये होतो. दर महिन्यास मुद्दलाचा काही भाग परत केला जात असूनही व्याज अखेरपर्यंत पूर्ण एक लाखावर मोजले जाते. घटत्या शिलकीवर खरोखर १० टक्के दर असता, तर हप्ता ३,२२७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १६,१६० रुपये झाले असते. घटत्या शिलकीच्या मापाने तो फ्लॅट दर जवळजवळ १८ टक्के भरतो.

गृहकर्जात मुदतीचा परिणाम अधिक ठळक दिसतो. ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजात जातात; मुद्दलात केवळ ४,७८५ रुपये जमा होतात. म्हणूनच आरंभीच्या वर्षांत मुद्दलापोटी भरलेली जादा रक्कम अखेरच्या वर्षांत भरलेल्या तेवढ्याच रकमेहून कितीतरी अधिक व्याज वाचविते.

ग्राहकास हा हिशेब उघडपणे दिसावा, यासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांच्या बाबतीत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात व्याजाबरोबर अन्य आकार धरून काढलेला वार्षिक टक्केवारी दर नमूद असतो. सही करण्यापूर्वी तो पाहणे हा ग्राहकाचा हक्क, आणि तो समजावून सांगणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य होय.

व्यवहार ठेवीचा असो वा कर्जाचा, ‘किती?’ या प्रश्नाबरोबर ‘केव्हा?’ आणि ‘व्याजावर व्याज कधी लागते?’ हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सुप्याच्या शेतकऱ्याला रोख्यातील अक्षर वाचता येत नव्हते. आजच्या ग्राहकाला ते वाचता येते. ते वाचूनच सही करावी, एवढेच शहाणपण पुष्कळ आहे.