पंक्तिप्रपंच आणि समेट

मराठीत एक मोठा नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याला नुसते वरण, या अन्यायाला आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले. मराठी शिकविता शिकविता माझे केस पिकू लागले. पण या शब्दाचा सर्वांत विदारक दाखला मला आढळला तो दक्षिण आफ्रिकेतील चर्चच्या इतिहासात. मी स्वतः ख्रिस्ती, म्हणून तो अधिकच झोंबला.

प्रभुभोजन ही आम्हा ख्रिस्ती लोकांची पंगत. एक भाकर, एक प्याला. तेथे धनी आणि चाकर हा भेद उरू नये. परंतु केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड चर्चच्या काही गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णी बांधवांच्या पंक्तीला बसणे जड जाऊ लागले. १८५७ साली धर्मसभेने ठराव केला, की एकत्र उपासना हीच शास्त्राला धरून आहे; तथापि काहींच्या दुर्बलतेस्तव ती वेगळी चालविण्यास हरकत नाही. दुर्बलतेला दिलेली ही सवलत! १८८१ साली वेगळे मिशन चर्चच निघाले. १९४८ नंतर वर्णभेद हे राज्याचे धोरण झाले, आणि त्याला शास्त्राधार देताना बाबेलच्या बुरुजाची कथा पुढे करण्यात आली. देवाने भाषा निराळ्या केल्या आणि माणसे पांगविली, तेव्हा वेगळेपण हीच त्याची इच्छा, असा तो युक्तिवाद. वाचकहो, क्रम पाहा : भिंत आधी उभी राहिली, वचन मागाहून आले.

तेच पुस्तक पंगतीबाहेर काढलेल्यांच्याही हाती होते. १९८२ साली केप टाऊनजवळ बेलहार येथे मिशन चर्चने आपल्या विश्वासाचे निवेदन सिद्ध केले आणि १९८६ साली ते रीतसर स्वीकारले. ऐक्य, समेट आणि न्याय ही त्याची सूत्रे. न्यायाला वगळून समेट होत नाही, हे त्यांनी भोगून जाणले होते.

'समेट' हा आमच्या मराठी बायबलातलाही शब्द. व्यवहारात आपण तो 'झाले गेले गंगेला मिळाले' अशा अर्थाने वापरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची शिकवण मात्र फार अवघड आहे. वेदीपाशी दान अर्पण करताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे आणि आधी त्याच्याशी समेट करावा. येथे तक्रार आपली नाही, भावाची आहे. आणि उठून जायचे आहे ते आपण.

१९९० च्या नोव्हेंबरात रस्टेनबर्ग येथे चर्चच्या पुढाऱ्यांची परिषद भरली. तेथे स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली याँकर उठले आणि त्यांनी वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. आधी स्वतःच्या वतीने, मग आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीने. आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी ती कबुली स्वीकारून क्षमा दिली. टूटूंना सर्वांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणी दिला, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्तच होता. कबुली म्हणजे भरपाई नव्हे. त्या दोन चर्चचे एकीकरण आजही झालेले नाही.

तरीही याँकरांचे ते उठणे मला मोलाचे वाटते. आज घराघरांत तट पडले आहेत. जात, पक्ष, धर्म यांवरून सख्खे भाऊ अबोला धरतात, आणि जो तो आपापले वचन शोधून काढतो. मी तर स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे. शास्त्रवचन वाचून दुसऱ्याचा दोष आधी दिसला, की समजावे, आपण भिंतीसाठी वीट शोधत आहो. भावाची तक्रार आठवली, तर मात्र पुस्तक मिटावे, पायांत वहाणा घालाव्या आणि त्याच्या दारी जावे.