‘साहेब, पैसे आले का?’
रायगडचा किनारा म्हटला की अलिबाग, मुरूड आठवतात. खाडी मागे टाकून आत महाड तालुक्यात गेलं, की फौजी आंबवडे लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले १११ जण गेले, त्यातले ६ परतलेच नाहीत. घरोघरी फौजी, ही तिथली परंपरा आजही टिकून आहे.

मी बँकेत होतो, तेव्हा फौजींच्या बायका पासबुक पुढे सरकवून विचारीत, ‘साहेब, पैसे आले का?’ मी आकडा सांगे, त्या पदर सावरून निघून जात. फार उशिरा उमजलं, की पैसे आले म्हणजे तिकडे सगळं खुशाल, असा तो हिशेब होता. रात्री झोप लागते का, हे मीही कधी विचारलं नाही. ‘फौजीच्या बायकोनं रडायचं नसतं,’ एवढं मात्र सगळे ऐकवीत.

१ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली-मानस’चा खास कक्ष सुरू झाला. सर्वांसाठीची ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतही बोलता येतं, तेही विनामूल्य.

पण फोनपर्यंत हात जायला घरातून कुणीतरी धीर द्यावा लागतो. तो सासूबाईंनी द्यावा, जावेनं द्यावा. निदान एवढं तरी विचारावं, ‘त्याचं कळलं गं, तू कशी आहेस?’