लिलावाच्या रात्रीची गुणपत्रिका

५ कोटींची थैली घेऊन बाजारात गेलात आणि एकाच मालावर २ कोटी ६० लाख ५० हजार मोजून आलात, तर बाकीच्या पिशवीत काय भराल? तेलुगू टायटन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमके हेच केले. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी मुंबईत झालेल्या लिलावात त्यांनी पवन सेहरावतला घेतले आणि अर्ध्याहून जास्त थैली एका खेळाडूवर रिकामी केली. संघात किमान १८ खेळाडू लागतात. म्हणजे उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी जेमतेम १४ लाख. हंगाम संपला तेव्हा टायटन्सच्या नावावर होते २२ सामन्यांत २ विजय आणि १२ संघांत बारावा क्रमांक.

लिलाव मुंबईत होतो, पण गुण दिले जातात ते चंद्रपूरकडच्या मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्ण्याच्या पानठेल्यांवर. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की या भागात कबड्डीचे सामने रंगतात. इथल्या प्रेक्षकाने मातीवर अंग टाकलेले असते. त्यामुळे टीव्हीवर कोटीचा आकडा झळकला की टाळ्या पडतात, पण पाठोपाठ प्रश्न येतोच, ‘पन लेफ्ट कॉर्नर कोन खेलन गा?’ माझ्या मते लिलावाच्या रात्री विचारायचा सर्वांत शहाणा प्रश्न हाच आहे. तो कसा खरा ठरत आला, त्याचे हे काही मासले.

नऊ वर्षांत वीसपट

प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ चा. त्या वर्षीचा सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने घेतलेला. किंमत १२ लाख ८० हजार. चार वर्षांत लिलावाने कोटीची रेषा ओलांडली. २०१८ च्या मे महिन्यात इराणचा फझल अत्राचली यू मुम्बाकडे १ कोटीला गेला आणि लीगचा पहिला कोट्यधीश ठरला. गंमत म्हणजे तो चढाईपटू नव्हे. तो डावा कोपरा सांभाळतो. त्याच लिलावात आणखी पाच जण कोटीच्या पुढे गेले आणि मोनू गोयतने १ कोटी ५१ लाखांचा उच्चांक केला. त्याला घेणारे हरियाणा स्टीलर्स त्या हंगामात आपल्या गटात तळाला राहिले. २०१४ चा राकेश आणि २०२३ चा पवन यांच्या किमती शेजारी ठेवल्या तर वाढ वीसपटीची भरते.

पुण्याने कोपरा भरला

आता पुणेरी पलटणची गोष्ट. ती जरा निवांत सांगण्यासारखी आहे.

नवव्या हंगामात पलटणकडे फझल होता, १ कोटी ३८ लाखांचा. संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा हरला. पुढच्या लिलावाआधी फझल संघात राहिला नाही. म्हणजे डावा कोपरा मोकळा. चाहत्यांच्या यादीत ‘काय हवे’ या रकान्यात एकच ओळ होती आणि संघाच्या चालकांच्या यादीतही तीच असावी. त्यांनी दुसरा इराणी डावा कोपरा उचलला, मोहम्मदरझा शाडलू. किंमत २ कोटी ३५ लाख, तेव्हाचा परदेशी खेळाडूंचा विक्रम.

थैली तीच ५ कोटींची. म्हणजे पुण्यानेही ४७ टक्के पैसा एकावरच लावला. मग हैदराबादच्या टायटन्सचे बुडाले आणि पुण्याचे तरले, असे का?

कारण चढाईची फळी घरात तयार होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही मुले संघाने आधीपासून जपून ठेवली होती. यातल्या कुणासाठीही त्या लिलावात बोली लावावी लागली नाही. रिकामी जागा एकच होती आणि मोठा पैसा त्याच जागेवर गेला. टायटन्सकडे रिकाम्या जागा अनेक होत्या आणि पैसा सगळा एका चढाईपटूवर.

पुढचे सगळ्यांना आठवत असेल. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात, पलटणचे पहिले विजेतेपद. पंकज मोहितेने अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गडी टिपले, सामना तिथे फिरला. शाडलू ९९ पकडींच्या गुणांसह हंगामातला सर्वोत्तम बचावपटू. मालिकेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू मात्र अस्लम, बोली न लागलेला मराठी कर्णधार. माझ्या वहीत या लिलावाला १० पैकी ९ गुण. एक गुण कापला तो दूरदृष्टी कमी पडली म्हणून: शाडलू पुढच्या वर्षी हातून गेला, हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये करंडकही नेला, तोही पुण्यातच, बालेवाडीत. त्या हंगामात पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. कोपरा भरल्यावर विजेतेपद, कोपरा मोकळा झाल्यावर घसरण. अस्लमची दुखापतही त्या घसरणीला कारण झाली, हे सांगायलाच हवे.

तिसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, गुजरात जायंट्सने शाडलूवर २ कोटी २३ लाख लावले. करंडक दिल्लीला गेला, अंतिम सामन्यात पलटणला ३१-२८ असे हरवून. तेव्हा एकटा कोपराही पुरत नाही, हेही वहीत नोंदवा.

पवन जायबंदी, संघ उपांत्य फेरीत

टायटन्सकडे जाण्याच्या एक वर्ष आधी याच पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले होते. लिलावाच्या रात्री थलैवाजच्या चाहत्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. ८ ऑक्टोबर २०२२, पहिलाच सामना, पहिल्याच सत्रात गुडघा दुखावला आणि पवनचा हंगाम तिथेच संपला. गुणपत्रिका फाडायची वेळ आली, असे वाटावे, तर नरेंदर कंडोला नावाच्या नवख्या मुलाने चढाईचे २४३ गुण कमावले आणि थलैवाज लीगच्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले! जो खेळाडू कोणाच्या यादीत नव्हता, त्याने सगळ्यांचे गुण बदलायला लावले. पुढे २०२५ च्या लिलावात पवन पुन्हा थलैवाजकडे आला, तेव्हा किंमत होती ५९ लाख ५० हजार.

मुंबईने शोधला, हैदराबादने विकत घेतला

यू मुम्बा पहिल्या तिन्ही हंगामांच्या अंतिम फेरीत होता आणि २०१५ चे विजेतेपद त्याचे. त्यानंतर करंडक नाही. पण मुंबईकरांना एका निवडीचे श्रेय मनापासून द्यायला हवे. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई त्यांनी ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण आणले. ३६ लाखांत एवढे पीक, १० पैकी १०. पुढच्या लिलावात त्याच सिद्धार्थला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेले. तो तिथेही दोनशेच्या पुढे गेला, टायटन्स मात्र शेवटून दुसरे. चढाईपटूने गुण आणायचे आणि बचावाने ते गळू द्यायचे, हे गाऱ्हाणे टायटन्सचे चाहते २०२३ च्या कितीतरी आधीपासून मांडत होते.

डुबकी किंगची परतफेड उलटी

‘डुबकी किंग’ परदीप नरवालला २०२१ मध्ये यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांना घेतले, तेव्हाचा विक्रम. पाटणा पायरेट्सने सलग तीन विजेतेपदे मिळवली ती त्याच्या बळावर, म्हणून त्याला सोडल्याबद्दल पाटण्याला चाहत्यांनी नापास केले. उपांत्य फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. पाटणा जिंकले, ३८-२७. बचाव कसून बांधलेला होता. अंतिम सामना मात्र त्यांनी दिल्लीविरुद्ध एका गुणाने गमावला.

खो-खोत बोली नाही, पाळी

बोलीशिवाय खेळाडू निवडण्याचा प्रयोग महाराष्ट्राने आपल्या अंगणातच पाहिला. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खोची निवड झाली. खेळाडू अ, ब, क, ड गटांत विभागले, प्रत्येक गटाचे मानधन आधीच ठरवले आणि संघांनी पाळीपाळीने नावे घेतली. पैशाचा जोर चालत नाही, नजरेचा चालतो. परिणाम पाहा: ४ सप्टेंबर २०२२ चा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. सामन्याच्या अखेरीस सूरज लांडेने सूर मारून गडी टिपला. मला ही पद्धत लिलावापेक्षा जास्त आवडते.

अमेरिकेत तळाचा संघ आधी निवडतो

पाळीच्या पद्धतीचे माहेर म्हणजे अमेरिकी फुटबॉल. तिथे ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात आणि पहिली पाळी मागच्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे प्रत्येक संघाला शाळेसारखी श्रेणी देतात. १९३६ च्या पहिल्या निवडीत पहिले नाव आले जे बर्वांगरचे. तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. २००० मध्ये टॉम ब्रेडीचे नाव १९९ वे होते, त्याच्या जागेचे सहा खेळाडू त्याच्या आधी निवडले गेले. ब्रेडीने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला.

आपल्याकडच्या फुटबॉलचे एवढेच सांगतो: २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना आणि पुणे सिटीने युजिनसन लिंगडोला १ कोटी ५ लाखांना घेतले. आठ संघांत मुंबई सहावे, पुणे सातवे.

दिल्लीचा मुलगा बंगळुरूकडे

२००८ ला आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातली मुलेही पाळीनेच वाटली गेली. पहिली पाळी दिल्लीची. समोर दिल्लीचाच विराट कोहली होता. फलंदाज पुरेसे आहेत, गोलंदाज हवा, असा हिशेब करून दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतले. कोहली बंगळुरूकडे गेला. रिकामी जागा भरण्याच्या माझ्या आवडत्या नियमाला हा सर्वांत मोठा अपवाद आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. कधी कधी समोरचा खेळाडूच एवढा मोठा असतो की जागा त्याच्यासाठी तयार करावी लागते.

विदर्भाचे दोन आकडे

यवतमाळच्या शुभम दुबेची मूळ किंमत २० लाख होती. डिसेंबर २०२३ च्या आयपीएल लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याच्यासाठी ५ कोटी ८० लाख मोजले, २९ पट! आणि अमरावतीचा जितेश शर्मा. २०२४ नंतर दिनेश कार्तिक निवृत्त झाला आणि बंगळुरूला यष्टिरक्षण करून शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणारा माणूस हवा होता. त्यांनी जितेशवर ११ कोटी लावले. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध कर्णधार म्हणून उतरलेल्या जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, संघ पहिल्या दोनांत गेला आणि आठवड्याभरात बंगळुरूने १८ व्या हंगामात पहिला करंडक उचलला. जागा रिकामी, माणूस नेमका, १० पैकी १०.

आपली स्वतःची रिकामी जागा

राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. म्हणजे इथल्या मुलामुलींना निवड समितीच्या नजरेत भरायची एक जास्तीची वाट आहे. प्रो कबड्डीतल्या गाजलेल्या मराठी नावांत मात्र कोल्हापूर, सांगली, नाशिक, मुंबई अशीच गावे दिसतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीत पकडीची ताकद आहे, पण लीग मॅटवर खेळली जाते आणि मातीवर तयार झालेल्या घोट्याला मॅटची सवय व्हायला वेळ लागतो. तालुक्याच्या ठिकाणी मॅट, शिकवणारा माणूस आणि रोजचा सराव, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या तर लिलावाच्या यादीत आपल्याकडचे नाव यायला हवे, अशी माझी ठाम मागणी आहे.

तोवर वाचकहो, पुढच्या लिलावाच्या रात्री वही घेऊन बसा. एका पानावर सात जागा लिहा: दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि मध्य. किंमत लिहू नका, फक्त जागेसमोर नाव लिहा. जी जागा कोरी राहील तिच्याखाली रेघ मारा, मग गुण द्या. आणि दिलेले गुण अंतिम सामन्यापर्यंत खोडू नका.